दचकणारा हात

यजमान गेले त्या वर्षी इंदूरच्या सराफ्यातील आमची लहानशी पेढी माझ्याकडे आली. आणि तिच्यामागोमाग, रात्री दागिन्यांची पिशवी घेऊन एकटीने घरी परतण्याची भीतीही आली. थोरल्या दिरांच्या आग्रहावरून मी शस्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केला. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवान्यापूर्वी सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते, ते घेतले. यथावकाश कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर घरी आले. २०१४ साली बाजारात आलेले हे शस्त्र टायटॅनियमच्या मिश्रधातूचे. वजन अवघे ५०० ग्रॅम. हलके म्हणजे चालवावयास सोपे, अशी माझी भाबडी समजूत होती.

नेमबाजीच्या मैदानावर पहिल्याच गोळीने ती समजूत उडाली. नळी आभाळाकडे गेली, अंगठ्याच्या बेचक्यात कळ उठली आणि लक्ष्याचा कागद कोराच राहिला.

शिकविणारे गृहस्थ मूळचे साताऱ्याकडचे, महूला स्थायिक झालेले निवृत्त सुभेदार. ते म्हणाले, “ताई, शस्त्र जितके हलके, तितके ते हाताला भारी.” न्यूटनचा नियम शाळेत पाठ केला होता, त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी मनगटाला कळला. गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितक्याच जोराने शस्त्र मागे येते. तीच गोळी निम्म्या वजनाच्या शस्त्रातून सोडली, तर ते दुप्पट वेगाने मागे येते. त्यातून नळी मनगटाहून वर असते. म्हणून शस्त्र नुसते मागे न येता तोंड वर करून उसळते.

त्यांनी माझी पकड सुधारली. उजवा पंजा मुठीवर जमेल तितका उंच, म्हणजे नळी आणि मनगट यांमधील अंतर कमी होते. त्यावर डावा पंजा घट्ट. परंतु त्याचा अंगठा घोड्यामागे नको, आणि बोटे फिरत्या चक्रीच्या पुढे नकोत, कारण तेथील फटीतून तप्त वायू बाहेर पडतो. एक पाऊल पुढे, शरीर किंचित पुढे झुकलेले, कोपरे ताठरलेली नाहीत. चाप सावकाश, सरळ मागे ओढायचा. मुठीवर त्यांनी रबराचे आवरण बसविले. एका दिवशी थोड्याच गोळ्या. हात दुखू लागला की तो वाईट सवयी शिकतो, असे ते म्हणत.

तरीही माझ्या गोळ्या कागदाच्या खालीच जात. एके सकाळी त्यांनी माझ्या नकळत चक्रीच्या सहा घरांपैकी दोन घरांत उडवलेली काडतुसे भरली. मी चाप ओढला. ‘टक्’ एवढाच आवाज झाला, आणि तरीही नळी चार बोटे खाली झुकली! गोळी नाही, धक्का नाही. हात मात्र आधीच दचकला होता.

मी ओशाळले. सुभेदार शांतपणे म्हणाले, “धक्का गोळी सुटल्यावर येतो, ताई. नेम त्याच्या आधीच बिघडतो, तो आपल्या भीतीने.” मग त्यांनी विचारले, “तुमच्या सराफ्यात रात्री माणसे किती असतात?”

मला उत्तर देववेना. दुकाने मिटली की आमचा सराफा खाऊगल्ली होतो. मध्यरात्रीपर्यंत मुलेबाळे घेऊन कुटुंबे जिलबी नि भुट्ट्याचा कीस खात उभी असतात. माझा हात तेथे दचकला असता, तर?

त्यानंतर तीन महिने मी रिकाम्या शस्त्राने सराव केला. प्रत्येक वेळी चक्री दोनदा तपासून, नळीवर एक नाणे ठेवून चाप ओढायचा. नाणे पडता कामा नये. पुढे मैदानावर सातही पावलांवरून नव्हे, चांगल्या दहा पावलांवरून सहाही गोळ्या कागदात बसल्या, तेव्हा सुभेदारांनी नुसती मान हलविली.

परंतु त्याच आठवड्यात मी दुसराही एक निर्णय घेतला. आता दागिने पेढीच्याच तिजोरीत राहतात आणि मी दिवेलागणीला मोकळ्या हाताने घरी येते. रिव्हॉल्वर कपाटात कुलूपबंद व रिकामे, काडतुसे निराळ्या कुलपात, किल्ल्या माझ्याजवळ. महिन्यातून एकदा मैदानावर जाते.

धक्का टाळता येत नाही. तो येण्यापूर्वी न डगमगणे मात्र शिकता येते. पिशवीची जी भीती मला शस्त्राकडे घेऊन गेली, ती कमी झाली ती शस्त्र जवळ असल्याने नव्हे, तर ती माझ्या हातात कोठे लपली होती हे दिसल्याने.