ओस पडलेली दोन वलये
प्रोसेसरमधील अधिकारांची वलये, म्हणजे ‘रिंग’, ही कल्पना १९६०च्या दशकात एमआयटीत घडलेल्या मल्टिक्स प्रणालीची. मेमरीचे खंड (सेगमेंट) पाडायचे आणि आतल्या वलयातील खंडाला बाहेरच्या प्रोग्रामने हात लावायचा नाही. हनीवेल ६१८०च्या हार्डवेअरमध्ये अशी आठ वलये होती. १९८२ साली इंटेलने ८०२८६मध्ये चारच ठेवली: ० सर्वाधिकारी, ३ सामान्य. युनिक्सच्या परंपरेला मात्र दोनच पुरत. १९९१चे लिनक्स ० आणि ३वर चालले. मधली दोन ओसच.

मी हौसेने छोटे कर्नल लिहिले, तेव्हा खंडांच्या तक्त्यात ‘आरंभ ०, मर्यादा ४ जीबी’ भरून मोकळा झालो. बहुतेक सगळे हेच करीत. मग त्या मर्यादेला अर्थ तो काय उरला? २००३ साली एएमडीने ऑप्टेरॉनच्या ६४-बिट अवस्थेतून तिची तपासणीच वगळली.

आणि इथेच खरी गंमत आहे. व्हीएमवेअर १९९९पासून पाहुण्या प्रणालीचे कर्नल वलय १मध्ये बसवून आपली मेमरी याच मर्यादेने राखत होते! एएमडीला पुढील प्रोसेसरांत ती तपासणी परत आणावी लागली. इंटेलने आणली नाही. तिथे ६४-बिट पाहुण्यांसाठी व्हीएमवेअरला व्हीटी-एक्सचा आधार घ्यावा लागला.