अर्धा सूत मोकळीक

माझ्या अभ्यासिकेत एक लाकडी रक्षापात्र आहे. घरात धूम्रपान कुणीच करीत नाही. त्यामुळे येणारा पाहुणा त्याकडे आधी कुतूहलाने आणि मग किंचित संशयाने पाहतो. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी घालणारे जे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून आपल्याकडे लागू झाले, त्यांत अशा ठिकाणी रक्षापात्र ठेवण्यासही मनाई आहे. वस्तूचा उपयोग निषिद्ध ठरावा आणि तरीही तिचे देखणेपण नजरेतून हलू नये, असा हा पेच. सौंदर्यशास्त्राच्या तासाला तो मांडण्याचा मोह मला अनेकदा झाला, पण मांडला नाही. कारण त्यात माझी एक लबाडी गुंतलेली आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोल्हापुरात एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी आधी त्या भागाची लाकडी प्रतिकृती करतात, ती वाळूत दाबून साचा घेतात आणि त्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. बीड थंड होताना आकसते, म्हणून लाकडी नमुना फुटामागे सुमारे एक सूत मोठा ठेवावा लागतो. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साहित्याच्या वाचकाला हे सांगायला हवे.) काम झाले की तो नमुना फळीवर धूळ खात पडतो. अण्णांनी जन्मभर केलेल्या वस्तू जगात लोखंडाच्या रूपाने गेल्या. त्यांचे लाकूड कुणी पाहिले नाही. अपवाद या रक्षापात्राचा.

ते केले माझ्या सरांसाठी. २००२ साली मी मराठी घेऊन एम. ए. झालो. सर चिरूट ओढत. 'चिरूट' हा शब्द तमिळमधल्या, गुंडाळी असा अर्थ असणाऱ्या 'सुरुट्टु'पासून आला, हे त्यांनीच सांगितलेले. कॉनन डॉयलच्या १८८७च्या पहिल्याच होम्स-कादंबरीत खुनी तिरुचिरापल्लीचा चिरूट ओढतो हे होम्स ओळखतो ते राखेवरून, हेही ते दर वर्षी नव्या वर्गाला तितक्याच आनंदाने सांगत. त्यांच्या टेबलावर मात्र फुटक्या कानाची बशी असे. आपण सरांना काहीतरी द्यावे, असे मी म्हणालो तेव्हा अण्णांनी फक्त एक प्रश्न केला : "त्येंचा चिरूट केवढा जाड असतोय?"

त्या प्रश्नातच सगळे होते. सिगारेटच्या रक्षापात्राला चिंचोळी खाच चालते. चिरुटाला सहा सुतांची, म्हणजे पाऊण इंचाची नाली लागते, आणि तीही लांब, आतल्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे जळते टोक वाटीवर राहते आणि चिरूट घरंगळत नाही. सिगारेट चिरडून विझवतात. चिरूट चिरडायचा नसतो, चिरडला की खोलीभर उग्र वास सुटतो. तो नुसता ठेवून दिला की काही मिनिटांत आपला आपण विझतो. त्याची राख घट्ट असते, बोटाच्या पेराएवढी होईतो टिकते आणि सबंध तुकड्याने गळते. म्हणून वाटी उथळ नको, रुंद हवी. हे सारे अण्णांनी सरांना न भेटता, माझ्या अर्धवट उत्तरांतून काढले.

लाकूड शिसवाचे, एका मोडक्या दिवाणाच्या पायातले. अण्णांनी ते लेथवर चढवले, आत खोलगा घेतला आणि गोल तोंडाच्या पटाशीने नाली कोरली. मग पितळी वाटी आणली. माझा विरोध तिथे सुरू झाला. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' तेव्हा माझ्या उशाशी असे, आणि कांटने केलेला स्वतंत्र सौंदर्य व उपयोगाशी बांधलेले सौंदर्य हा भेद मला नुकताच 'समजला' होता. लाकडात पितळ आले की आकृतीची एकता भंगते, असे मी त्यांना ऐकवले. अण्णांनी पटाशी खाली ठेवली नाही. "शिसव भडकत न्हाई, पर निखाऱ्याखाली आतल्या आत जळतंय. वस्तू वापरणाऱ्याची असती, बघणाऱ्याची न्हाई."

वाटी खोलग्यात घट्ट बसली नाही, तेव्हा मला त्यांची चूक पकडल्याचे समाधान झाले. ती चूक नव्हती. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तेही रेषांच्या आडवे फार, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. गोल खोलगा वर्षभर गोल राहत नाही. पितळ मात्र या ऋतूंना दाद देत नाही. दोघांना गच्च बसवले तर दोहोंपैकी लाकूड फाटणार. म्हणून अर्धा सूत मोकळीक.

घासकाम माझ्याकडे दिले. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, शेवटी चारशे. नेहमी रेषांच्या दिशेने. दोनशेवीसला मी कंटाळलो आणि थेट चारशे मारला. कोरड्या लाकडावर काही दिसले नाही. जवसाचे तेल लावताच ऐंशीचे सारे ओरखडे उजळून वर आले. तेल काही लपवत नाही. अण्णा रागावले नाहीत. "पयल्यापासनं" एवढेच म्हणाले. त्याच महिन्यात सरांनी माझा एक निबंध याच एका शब्दाने परत केला होता. फ्रेंच पॉलिश करू, लवकर चमक येईल, असे मी सुचवले. चपडा लाख उष्णतेने मऊ पडते आणि शेजारी मद्याचा पेला सांडला तर विरघळते, म्हणून तेही नाकारले गेले. तेलाचे हात आठवडाभर चालले. तेल पुसलेली फडकी अण्णा पसरून वाळवत. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकताना तापते आणि चोळामोळा केलेले फडके आपोआप पेटू शकते. रक्षापात्र करताना आग लागायची, याचे त्यांना हसू येई.

मी ते घेऊन गेलो. सरांच्या बैठकीत दोन नामवंत समीक्षक बसले होते. सरांनी ते हातात फिरवले, नालीवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "कुणी केलं हे?" मी म्हणालो, "हस्तकलेच्या प्रदर्शनात मिळालं, सर." हे का म्हणालो, याचे उत्तर मला तेव्हाही ठाऊक होते. श्रमाच्या साहित्यावर मी तेव्हा टिपणे काढत होतो.

सर २०११ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. महिन्याभराने काकूंनी मला बोलावून रक्षापात्र माझ्या हाती दिले. "तुमच्या वडिलांनी केलंय ना, तुमच्याकडेच असू दे. हे कितीदा सांगायचे." मी गप्प. त्यांनी ते उलटे केले. तळाला तेलाखाली पेन्सिलीच्या केंद्ररेषा होत्या आणि अण्णांच्या अक्षरात 'नाली ६ सूत'. "प्रदर्शनातल्या वस्तूवर सुताराचा हिशेब राहत नाही, असं त्याच रात्री म्हणाले होते." नऊ वर्षे सरांनी मला हे जाणवू दिले नव्हते. मात्र अण्णांची विचारपूस दर भेटीत करीत. ती मी शिष्टाचार समजत होतो.

ज्या सवयीने सरांना नेले, तिच्यासाठी आम्ही इतकी सुखकर जागा करून दिली, ही बोच काढून टाकण्याची माझी इच्छा नाही. अण्णांनाही ती होती; सर गेल्याचे कळल्यावर ते म्हणाले, "उगंच केलं." आयुष्यभर भुसा ओढलेल्या छातीने ते खोकत होते, आणि तो खोकला मला सरांच्या खोकल्यासारखाच ऐकू आला. लबाडीची गोष्ट मी त्यांना शेवटपर्यंत सांगितली नाही. २०१९ मध्ये तेही गेले.

नालीच्या टोकाला एक लहानसा करपट डाग आहे. चारशेच्या कागदाने तो निघेल, हे मला ठाऊक आहे. उन्हाळ्यात वाटी घट्ट बसते. पावसाळ्यात पात्र उचलले की आत किंचित खुळखुळते. या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांनी त्याबद्दल विचारले, तेव्हा ते कुणी केले हे मी पहिल्यांदा सांगितले.