वाण आणि चारा

ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, असे आपली म्हण सांगते. म्हण बैलांची आहे. शेळीचे वाण पाहत बसण्याइतकी सवड कोणाला? आमच्या राइट टाउनात तर कुंपणावर पुढचे पाय टेकून मेंदीचे शेंडे खुडणारी शेळी म्हणजे बागेचा शत्रू. तिची जात विचारण्याआधीच आपण काठी शोधू लागतो.

परंतु वाण म्हणजे काय, याचे उत्तर शेळीच्या कातडीत फार सुरेख लिहिलेले असते. जबलपूरच्या 1948 साली स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात माझी भाची शिकते. तिने एकदा सूक्ष्मदर्शकाखाली कातडीची पातळ चकती मला दाखविली. केस ज्या खळग्यात रुजतो तो केशकूप. प्राथमिक कूप मोठे, बहुधा तिघांच्या ओळीने बसलेले. प्रत्येकाजवळ एक स्वेदग्रंथी आणि केस उभा करणारा इवलासा स्नायू. त्यांतून राठ केस येतो. भोवती लहान, दुय्यम कूप. त्यांना ना स्वेदग्रंथी, ना स्नायू. पण मऊ लोकर देतात ते हेच! चामडे कमावताना केस जातात, तरी कूपांची नक्षी उरते आणि जाणकार तिच्यावरून शेळीचे चामडे ओळखतो.

दोन्ही कूप साऱ्या जातींत असतात. भेद पडतो तो एका प्राथमिकामागे दुय्यम किती, आणि त्यांतून काय उगवते, यात. लडाखच्या चांगथांगी शेळीचा पश्मिना 12 ते 14 मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस त्याच्या चार-पाचपट जाड. अंगोरा शेळीच्या दाट दुय्यम कूपांतून मोहेर झुलते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आपल्या संगमनेरी शेळीचा अंगोराशी संकर करून मोहेर मिळविण्याचे प्रयोग झाले. इथवर सारा वाणाचाच महिमा.

पुढचे मात्र मनात रुतून बसले. शेळी पाच महिने गाभण असते. प्राथमिक कूप आधी मांडले जातात, दुय्यम मागाहून, गर्भाच्या उत्तरार्धात. त्या दिवसांत आईची उपासमार झाली तर दुय्यम कूप उणे राहण्याचा धोका असतो, आणि पुढे कितीही खुराक दिला तरी ते नव्याने मांडले जात नाहीत. म्हणजे वाण फक्त मर्यादा आखून देते. ती कितपत भरायची हे आईच्या चाऱ्यावर ठरते.

माझ्या पाठचा भाऊ जन्मतःच किरकोळ होता आणि तसाच राहिला. 'त्याचा वाणच तसा,' असे घरातली वडील माणसे म्हणत. त्याच घरात दारची शेळी गाभण राहिली की तिच्यासाठी आंबोण राखून ठेवण्याची पद्धत होती. आई मात्र सातव्या महिन्यातही सर्वांची पाने उठल्यावर जेवावयास बसे आणि पातेल्यात जे उरले असेल ते खाई. तिने त्याची तक्रार कधी केली नाही. तिच्या सासूनेही केली नसावी.

भाऊ आता नाही. त्याच्या किरकोळ देहाचे कारण हेच, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण कोणाचे वाण काढण्यापूर्वी त्याच्या आईच्या ताटात काय पडत होते एवढे विचारावे, असे मला आता वाटते.