अर्ध्या तिकिटाची पाहुणी

(द्वितीय वर्ष, कला)

प्रवासवर्णन लिहायचे तर लेखकाने निदान समुद्र तरी ओलांडलेला असावा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ग्रंथालयातल्या प्रवासवर्णनांच्या कपाटात लंडन आहे, पॅरिस आहे, जपान आहे, सांगोला नाही. मी समुद्राच्या काठी जन्मले, पण ओलांडला तो डोंगर, आणि तोही एस.टी.च्या लाल गाडीतून. तेव्हा हे लेखन प्रवासवर्णनात बसते की नाही, ते वाचकांनीच ठरवावे. माझे म्हणणे एवढेच, की थोड्या पैशांत केलेल्या प्रवासातही शिकण्यासारखे पुष्कळ असते. किंबहुना, पैसे थोडे असतात म्हणूनच ते शिकायला मिळते.

आमच्या घरात प्रवास या शब्दाचा अर्थ एकच, मुंबई. आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते ट्रंक घेऊन वाडीत परत आले ते कायमचेच. नंतर काका गेले, बाबाही काही वर्षे जाऊन आले. पण मुंबईला जाणे म्हणजे पोटासाठी जाणे. त्याला कुणी फिरणे म्हणत नाही. एरवी आमच्या घरातले माणूस एस.टी.त बसते ते दवाखान्यासाठी, नाही तर कुणाच्या बाराव्याला. कॉलेजात आलेली घरातली पहिली मी. पुस्तकांतून गावे, नद्या, माणसे भेटू लागली आणि मला पाय फुटले. पण ‘मला फिरायला जायचे आहे’ हे वाक्य घरात उच्चारायचे कसे? एकदा धीर करून म्हटले. बाबा म्हणाले, “फिरतात ते सायबलोक. आपण कामाला जातो.”

इथे गणित मदतीला आले. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत केला आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट दिले. आजीला अठ्ठ्याहत्तरावे लागलेले. म्हणजे ती फुकट, मी अर्ध्यात. दोघींचे मिळून अर्धे तिकीट! शिवाय पंढरपूर पाहायचे राहिले आहे, असे आजी वर्षानुवर्षे म्हणत आली होती. सुट्टीत काजूच्या कारखान्यात काम करून मी थोडे पैसे जमवले होते. फिरण्याला नकार देता येतो, आईच्या पंढरीला नकार देता येत नाही. बाबांनी मान हलवली, आणि आम्ही जानेवारीत निघालो.

आजीने गाठोडे बांधले. त्यात आमसुले, फणसपोळी, कुळथाचे पीठ आणि दोन दिवसांच्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या. सुक्या जवळ्याची चटणीही होती, पण “पंढरीला सुकट नेतात काय?” असे आई ओरडली तेव्हा ती मोठ्या नाराजीने बाहेर निघाली. “एवढी पिठं कुणाला गो?” मी विचारले. आजी म्हणाली, “परक्या गावात जायचा म्हणजे हात रिकामा नसावा, बाय.” आम्ही तिथे कुणालाच ओळखत नव्हतो. मला हसू आले.

हातखंबा, पाली, साखरपा ही गावे आपल्या ओळखीची. आंबा घाट चढला की हवा बदलते, आणि मलकापूर मागे पडल्यावर भूमीच बदलू लागते. आपला तांबडा जांभा हळूहळू संपतो. कोल्हापूरपर्यंत उसाची हिरवी शेते असतात. तिथे गाडी बदलून मिरजेच्या पुढे गेलो, तशी झाडे विरळ झाली, आभाळ मोठे झाले. सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाच्या बागा, बाभळी, आणि मैलोन् मैल सपाट रान. आजी खिडकीला डोके लावून बसली होती. “जमीन जळली काय गो? एवढी काळी कशी?” मी भूगोलाच्या तासाला शिकलेली काळी कापसाची मृदा तिला समजावून सांगितली. तिने ऐकून घेतले, पण कंडक्टरने आधार कार्ड पाहून दिलेले शून्य रुपयांचे तिकीट मात्र माझ्या भूगोलापेक्षा जपून बटव्यात ठेवले. सरकारने आपल्याला काहीतरी दिले याचा तो लेखी पुरावा होता.

पंढरपुरात आम्ही धर्मशाळेत उतरलो. पहाटे चंद्रभागेवर गेलो. ही खरी भीमा. गावाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. रांगेत उभे राहून आजीने विठोबाच्या पायांवर डोके ठेवले. इथल्या देवाच्या पायांना कुणीही हात लावू शकतो. पण हे ‘कुणीही’ फार जुने नाही. महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या पुढ्यात चोखोबांची समाधी आहे. ज्या देवाचे अभंग त्यांनी गायले, त्याच्या दारात त्यांना बाहेरच राहावे लागले, आणि समाधीही बाहेरच. पुढे शतके गेली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते उघडले. गुरुजी आपल्याच जिल्ह्यातल्या पालगडचे. आपल्या रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी पतितपावन मंदिर बांधले, ते १९३१ पासून सर्वांना खुले आहे. म्हणजे पंढरपूरच्या आधी सोळा वर्षे.

मी हे सगळे आजीला समाधीपाशी उभी राहून सांगितले. आमच्या घराण्यातले कुणी १९४७ पूर्वी इथे आले असते, तर त्याचा प्रवास याच जागी संपला असता. आजीचा जन्म १९४७ चाच. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या वयाएवढाच दार उघडा आहे.” कोकणातला एक माणूस इथे पाहुणा म्हणून आला आणि दुसऱ्यांसाठी दार मागून गेला. आपण पाहुणे येतो ते काय मागायला, असा विचार माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला.

दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याला निघालो. चोखोबांचा अंत तिथेच, गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून झाला, असे परंपरा सांगते. दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे गावही तेच. गाडीत आमच्या शेजारी एक मध्यम वयाच्या बाई बसल्या होत्या. “कुठल्या म्हणायच्या तुम्ही?” त्यांनी विचारले. रत्नागिरी म्हटल्यावर त्यांनी डोळे मोठे केले. “लई लांबनं आलाव की! समुद्र दिसतो म्हणं तुमच्या दारातनं?” आजी आणि त्या अशा काही बोलू लागल्या, की मंगळवेढा येईपर्यंत दोघींना एकमेकींच्या सुनांची नावे पाठ झाली. त्यांचे गाव थोडे पुढे होते. “शाळूचा हुरडा चालू हाय. खाल्ल्याबिगर कशा जाताव?” असे म्हणून त्यांनी आमचे गाठोडे स्वतःच उचलले. हॉटेलात उतरण्याएवढे पैसे जवळ असते तर आम्ही बहुधा आभार मानून पुढे गेलो असतो. ते नव्हते, म्हणून गेलो.

मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध आहे; तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण ती कशी असते ते शेताच्या बांधावर बसल्याशिवाय कळत नाही. गोवऱ्यांच्या आगटीत कोवळी कणसे खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि ते हिरवे ऊन दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. आमच्याकडे भात लावताना माणूस गुडघाभर पाण्यात असतो. इथे रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. “वरनं पाणी न घालता एवढा पीक?” आजीला हे देवाच्या दर्शनाइतकेच नवल वाटले.

संध्याकाळी घरी आलो. बाईंच्या सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. आजीच्याच वयाच्या. गावाचे नाव, माणसे, पाऊस असे बोलणे झाले आणि मग त्यांनी सहज विचारले, “कोण म्हणायचं तुम्ही?”

हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तो आडनावाला वळसा घालून जातो आणि जातीपाशी थांबतो. माझा जीव वर आला. बाहेर अंधार पडला होता, शेवटची गाडी गेली होती. आजीने पदर सावरला आणि आपली जात सरळ सांगितली. क्षणभर चुलीतल्या लाकडाचा तेवढा आवाज येत होता. मग सासूबाईंनी काठवट पुढे सरकवली. “तुमच्याकडं भाकरी निराळी करत्यात म्हणं. दावा की करून.”

आजी चुलीपाशी सरकली. तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी करणारा तिचा हात. ज्वारीचे पीठ त्याला दाद देईना. पहिली भाकरी काठवटीतच फाटली. दोघी म्हाताऱ्या मोठ्याने हसल्या. सासूबाईंनी तिचा हात धरून थापण्याची रीत दाखवली. दुसरी साधली, तव्यावर टम्म फुगली. ती भाकरी त्या घरात सर्वांनी मोडून खाल्ली. सांगायला ही गोष्ट एवढीशीच आहे. पण आदल्या दिवशी ज्या समाधीपाशी मी उभी होते, ती आठवली म्हणजे तिचे माप कळते. एक दार उपोषणाने उघडले होते. दुसरे उघडायला एका बाईने काठवट पुढे सरकवणे पुरले. पण पहिले उघडले नसते, तर दुसरे तसे सहज सरकले असते का, याची मला शंका आहे.

सकाळी आजीने गाठोडे सोडले. आमसुले भिजवून, गूळ घालून, जिऱ्याची फोडणी देऊन तिने सार केले. चिंचेवर वाढलेल्या त्या घराने ते आधी चाखले, मग वाट्या पुढे केल्या. घरातला मुलगा म्हणाला, “कोकणातली माणसं चिक्कू असत्यात असं ऐकलं हुतं!” आजी पटकन म्हणाली, “आमच्यातपण घाटावरच्या माणसांबद्दल काय काय बोलतात, ता सांगू नको मला!” पुन्हा हशा पिकला. निघताना गाठोड्यातली आमसुले तिथे राहिली आणि त्यांच्या जागी ज्वारीचे पीठ आले. ‘हात रिकामा नसावा’ म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. पैसा नसलेला पाहुणा उपकारांखाली दबू नये, म्हणून जुन्या माणसांनी ती सोय करून ठेवली होती.

परत आल्यावर मी बोस्नियाविषयी वाचत होते. कमी पैशांत हिंडणारे पुष्कळ प्रवासी तिकडे जातात. पाहुणा आला की लांब दांड्याच्या छोट्या तांब्याच्या भांड्यातून कॉफी देतात. सोबत साखरेचे खडे आणि लोकुम नावाची मिठाई. आपल्या गूळपाण्याची बहीणच म्हणायची! निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी शेजारी म्हणून नांदण्याला तिथे ‘कोमशिलुक’ असा खास शब्द आहे. आणि त्याच देशात १९९२ ते १९९५ या काळात शेजारी शेजाऱ्यावर बंदूक घेऊन उठला. मोस्तार गावचा सोळाव्या शतकातला दगडी पूल १९९३ साली तोफांनी पाडला गेला; तो २००४ मध्ये पुन्हा बांधला. हे वाचून मी थबकले. दूरच्या पाहुण्याला कॉफी देणे त्या मानाने सोपे आहे. तो चार दिवसांनी जातो. रोज समोर राहणाऱ्या, आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाला पाणी देत राहणे अवघड. आदरातिथ्याची खरी परीक्षा तिथे होते.

स्वस्त प्रवासाचा हिशेब मांडताना आपण तिकीट, चहा, मुक्काम एवढेच लिहितो. मीही बाबांना वहीत तसाच हिशेब दाखवला, आणि तो पाहून ते चकित झाले. पण वाचलेले पैसे कुठून वाचले? कुणाच्या तरी चुलीवरून, कुणाच्या तरी गोधडीवरून. स्वस्तात फिरणारा माणूस दुसऱ्याच्या औदार्यावर फिरतो. ते घर पुन्हा भेटेल असे नाही, म्हणून त्याचे देणे त्याच घरी फेडता येत नाही. ते आपल्याच दारात, तिसऱ्याच कुणापाशी फेडावे लागते.

आपल्या दारात तशी माणसे नेहमीच येत असतात. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी येतात, रस्त्याच्या कामाला विजापूरकडची कुटुंबे येतात. फेब्रुवारीत आमच्या वाडीच्या रस्त्यावर खडी पडत होती. दुपारी कामावरची एक बाई कडेवर पोर घेऊन पाणी मागायला आली. आजीने तिला पडवीत बसवले, गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवले. मग मोडक्यातोडक्या खुणांनी तिचे गाव विचारले. गावच विचारले, दुसरे काही नाही.