छत्री आधी उन्हाची

चि. अरविंद,


पत्र परवा मिळालं. चिऊच्या शाळेसाठी छत्रीचा शोध कोणी लावला ते विचारलंस, आणि खाली एका ओळीत उरकलंस की बसस्टँडवर 'जरा' भोवळ आली. चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन, दुपारचा एक, डोकं उघडं, आणि म्हणे जरा! वर लिहितोस, पाऊस नसताना पुरुषमाणूस छत्री घेऊन हिंडला तर लोक हसतील. आपले नाना चैत्रापासून छत्री काखेत मारून शाळेवर जायचे. त्यांना हसायची कुणाची छाती झाली?

अरे, छत्री आधी उन्हाची. पाऊस मागाहून आला. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, श्राद्धात छत्री आणि जोडे दान का देतात? भीष्म जमदग्नींची गोष्ट सांगतात. जमदग्नी बाण सोडत होते आणि त्यांची पत्नी रेणुका धावत जाऊन ते आणून देत होती. ज्येष्ठातली दुपार. पाय पोळले, डोकं तापलं, ती घटकाभर झाडाखाली थांबली. उशिराचं कारण कळल्यावर जमदग्नी सूर्यावरच बाण रोखून उभे राहिले. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या रूपाने आला आणि त्याने छत्री नि जोडे दिले. छत्री दिली ती उन्हासाठी, पावसासाठी नव्हे. मला तर जमदग्नींच्या रागाआधी रेणुकेचे ते पाय दिसतात.

छत्री मानाचीही असते. कार्ल्याला एकवीरेच्या देवळात गेलो तेव्हा तू पायऱ्यांवर रुसून बसलास आणि लेणं बघायचं राहिलं तुझं. देवळाला लागूनच कार्ल्याचा चैत्य. आत स्तूपावर लाकडी छत्री आहे, जवळजवळ २००० वर्षं टिकलेली. डोंगराच्या पोटात ऊन नाही, पाऊस नाही. तिथे ती मानाची. एकवीरेला लोक रेणुकाच मानतात, आणि तिच्या शेजारी ही छत्री! मी किती वेळ बघत उभी होते. 

मान आला की मज्जावही आला. राजाच्या मस्तकी छत्र, म्हणून छत्रपती. तिकडे त्रावणकोरात नाडार जातीच्या लोकांनी साधी छत्री उघडायची नाही, असा दंडक होता. भर उन्हात माणसाला सावलीची मनाई! आणि तुला कुणी अडवत नाही, तर तू आपण होऊन उघड्या डोक्याने फिरतोस.

चिऊला सांग, इंग्रजी 'अम्ब्रेला'च्या मुळाशी लॅटिन 'उम्ब्रा' आहे, म्हणजे सावली. लंडनमध्ये १७५०च्या दशकात जोनास हॅनवे पावसात छत्री घेऊन निघे, तेव्हा घोडागाडीवाले त्याची टर उडवत. पाऊस म्हणजे त्यांचं भाडं. त्याने छत्री सोडली नाही. पण शोध त्याने लावला, असं तिला लिहू देऊ नकोस. सॅम्युएल फॉक्सने १८५२ साली पोलादी काड्यांचा सांगाडा आणला, तेवढं लिहू दे.

नानांची छत्री दुरुस्तीला दिली आहे. एक काडी निसटलीय, खटका मात्र चांगला लागतो. पार्सलने पाठवते. तोवर बारा ते चार घराबाहेर पडायचं नाही. खिशात कांदा ठेव, पन्हं घे. रक्तदाब तपासलास का, ते पत्रात कुठेच नाही.  रविवारी सकाळी फोन करीन, तो तूच उचल.

तुझी,
ताई