उजवी वाटी उलटी फिरते



आजची नोंद उसाची नाही, सायकलीची आहे. चार दिवस झड लागलीय, रानात घात नाही, भांगलण थांबलीय. अशा दिवसांत घरातली राहिलेली कामं निघतात.

पुतणी नववीत आहे. हायस्कूल चार किलोमीटरवर. परवा म्हणाली, "काका, सायकल पायडल मारताना कट कट करत्या. उद्यापासनं मी चालतच जातो." पावसात चार किलोमीटर जायचं आणि चार यायचं म्हणजे आठवड्यात शाळा बुडणार, हे मला दिसत होतं.

सायकल गोठ्यात घेतली आणि क्रँक धरून आतबाहेर हलवून बघितली. एकच क्रँक हलली तर कॉटर पिन ढिली समजायची. इथं एक हलवली की दुसरीकडचीही हलत होती. म्हणजे दोष मधल्या बीबीचा.

बीबी म्हणजे दोन्ही क्रँक ज्याला जोडतात तो आडवा दांडा, म्हणजे एक्सल, आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोन वाट्या. वाट्यांत छर्रे. हे सगळं फ्रेमच्या खालच्या आडव्या नळीत बसतं. सीटच्या पाइपातनं पावसाचं पाणी उतरतं ते याच नळीत साठतं. ग्रीस धुऊन जातं, गंज येतो, छर्रे वाटीला खड्डे पाडतात.

शेजारचा पोरगा पान्यावर दोन फुटी पाइप घालूनच आला. "काका, सरका, एका झटक्यात काढतो." मी त्याचा हात धरला. का धरला ते सांगतो.

1987 साली मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा होतो. आबांची काळी सायकल होती. पहाटे दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या अडकवून ते डेअरीला जायचे. तिचा बीबी वाजायला लागला. मी म्हटलं, आपण करू. उजवी वाटी, म्हणजे चेनच्या बाजूची, नेहमीच्या नटासारखी डावीकडं फिरवायला गेलो. हलेना. पाइप लावला. तरी हलेना. मग छिन्नी-हातोडी. शेवटी वाटी निघाली, पण नळीतले आटे खरवडून. नवी वाटी तिरकी लागली, मी तशीच पान्यानं दाबली. राहिलेले आटेही गेले.

मी ती वाटी सोडवतोय असं समजत होतो आणि खरं तर आवळत होतो. कारण उजव्या वाटीला आटे उलटे असतात.

आबा काही बोलले नाहीत. बारा दिवस किटल्या हातात धरून चालत डेअरीला गेले. मग भंगारातून दुसरी फ्रेम आणली. पैसे दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातनं गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढं एकदा पंपाच्या कामाला कोल्हापुरात उद्यमनगरला गेलो होतो. तिथल्या एका जुन्या टर्नरला हे विचारलं. तो म्हणाला, "दांडा पुढं फिरतो, भार पण फिरत राहतो, आणि वाटी हळूहळू दांड्याच्या उलट सरकायला बघते. उजवीकडं सरळ आटे असते तर ती चालता चालता सुटली असती. उलटे आहेत म्हणून आवळत राहते." हे इंग्रजी माप. बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याच्या नावानं ओळखतात, 1.37 इंच व्यास आणि इंचाला 24 आटे. इटलीच्या मापात दोन्हीकडं सरळ आटे असतात, तिथं उजवी वाटी फार घट्ट आवळावी लागते, नाहीतर सुटते.

गंमत म्हणजे पायडलाचं याच्या बरोबर उलट. तिथं डाव्या पायडलाला उलटे आटे. आपल्या ग्रास कटरच्या पात्याचा नटही बहुतेक उलटाच असतो. टेबल फॅनच्या पात्यापुढची टोपीसुद्धा. म्हणून नट हलत नसेल तर जोर वाढवायच्या आधी थांबायचं आणि दिशा तपासायची.

तर परवा काय केलं. कॉटर पिना काढून क्रँक उतरवल्या. डावीकडची लॉक रिंग आणि वाटी सरळ आट्याची, ती नेहमीसारखी निघाली. उजवी वाटी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून काढली. तिला पाना धरायला दोनच पातळ बाजू असतात, म्हणून पाना मापाचाच लागतो, घसरला तर कडा जातात. आधी डिझेल सोडून रात्रभर ठेवलं होतं.

आत चिखल आणि गंज. वाट्या खड्डे पडलेल्या. पण नळीतले आटे शाबूत होते. तेव्हा जीव भांड्यात पडला. वाट्या, एक्सल, छर्रे बाजारात मिळतात. नळीचे आटे गेले की फ्रेमच जाते.

नळी डिझेलनं धुतली, तारेच्या ब्रशनं आटे साफ केले, ग्रीस लावलं. उजवी वाटी पुतणीच्याच हातात दिली. दोनदा तिरकी लागली. तिला म्हटलं, आधी उलट दिशेनं हळू फिरव. बारीक टिक असं हाताला जाणवलं की आटा तोंडावर आला. मग आवळायच्या दिशेनं, म्हणजे काट्याच्या उलट. तीन-चार वेढे नुसत्या बोटांनी बसले, मगच पाना दिला.

प्रत्येक वाटीत ग्रीसमध्ये पाव इंची 11 छर्रे. जागा दिसते म्हणून बारावा कोंबायचा नाही. एक्सलची लांब बाजू चेनकडं. डावी वाटी एवढीच आवळायची की दांडा हलू नये आणि मोकळा फिरावा. मग लॉक रिंग. ती आवळताना वाटी थोडी सरकते, म्हणून परत तपासायचं. आम्हाला तीनदा करावं लागलं.

कॉटर पिना दोन्हीकडं एकमेकींच्या उलट घालायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. पिन ठोकताना क्रँकखाली लाकडी ओंडका उभा टेकवायचा. नाहीतर हातोडीचा घाव छर्ऱ्यांवर जातो आणि नव्या वाटीला पहिल्याच दिवशी खड्डे पडतात. दोन दिवस सायकल चालली की नट पुन्हा आवळायचे.

काल सकाळी पुतणी शाळेला सायकलनंच गेली. आवाज नाही. मी दारात उभा राहून वळणापर्यंत ऐकत होतो. आबांची फार आठवण झाली.

शेजारच्या पोराला पाइप परत दिला. त्याला सांगितलं, पाइप कुठं पळून जात नाही, आधी बोटांनी बघ.

तुमच्याकडच्या अवजारांत उलट्या आट्याचं अजून काय काय आहे? खाली लिहा, पोरांना उपयोगी पडेल. उघडीप मिळाली की उसाची नोंद टाकतो.