मुक्कामी गाडी आणि मिठागर

चि. भाचीस,


‘कंडक्टर’ या तुझ्या पुस्तकावर आलेली, तू पाठवलेली वाचकांची २३ पत्रं दोनदा वाचली. विचारणा एकच: कंडक्टर बाईंचं पुढे काय झालं, दुसरा भाग कधी? सोबत तुझी चिठ्ठी, मिठागरावरची नवी कादंबरी ७२ पानांवर अडली आहे, ती बाजूला ठेवू का? पुस्तक तूच छापलंस, पार्सलं तूच बांधतेस, पोस्टातल्या रांगेत तूच उभी राहतेस. दुसऱ्या भागाला गिऱ्हाईक तयार आहे आणि मिठागराची वाट कुणीच पाहत नाही, हा हिशोब तुला डोळ्यांआड करता येणार नाही. म्हणून फोनवर हो-नाही न म्हणता लिहायला बसलो. आधी दोन गोष्टी ऐक.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या बून गावी ह्यू हाउई हा लेखक विद्यापीठाच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी करायचा. जुलै २०११ मध्ये त्यानं ‘वूल’ नावाची दीर्घकथा किंडलवर स्वतःच प्रसिद्ध केली. किंमत ९९ सेंट. जमिनीखालच्या एका अवाढव्य कोठारात माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि गुन्हेगाराला बाहेर पाठवणं हीच तिथली देहदंडाची शिक्षा. कथेच्या शेवटी नायक बाहेर जातो आणि मरतो. गोष्ट तिथेच मिटली होती. पण वाचकांनी अभिप्रायांतून ‘आणखी हवं’ असा धोशा लावला आणि जानेवारी २०१२ पर्यंत हाउईनं आणखी चार भाग लिहून काढले.

आता बघ, नायक तर मेलेला. मग दुसऱ्या भागात त्यानं काय केलं? कोठाराच्या वृद्ध महापौर बाईंना १४४ मजल्यांच्या गोल जिन्यानं खाली उतरवलं. लिफ्ट नाही. नवा शेरीफ शोधायला त्या आणि त्यांचा म्हातारा डेप्युटी एकेक मजला उतरतात, पाय भरून येतात, वाटेत मुक्काम पडतो. त्यांच्याबरोबर वाचकही पहिल्यांदाच ते अख्खं जग आतून बघतो. अगदी तळाशी, यंत्रांच्या घरघराटात, ज्युलिएट भेटते आणि इथून पुढची गोष्ट तिची होते. वाचकांनी पुढचं मागितलं होतं, त्यानं खालचं दिलं. मला वाटतं, तो भाग जिवंत झाला तो यामुळेच.

नंतर त्यानं छापील पुस्तकाचे हक्क सायमन अँड शूस्टरला दिले, ई-बुकचे स्वतःकडे ठेवले. ‘शिफ्ट’ आणि ‘डस्ट’ लिहून २०१३ मध्ये त्रयी पुरी केली आणि ‘सँड’ या अगदी वेगळ्या कादंबरीकडे वळला. त्या ‘सँड’चाही पुढचा भाग त्यानं लिहिला, पण २०२२ मध्ये.

दुसरी गोष्ट तुझ्या लाडक्या ‘चौघीजणी’ची. शांताबाई शेळक्यांच्या मराठीतून ती आपल्या घरात आली. लुइझा मे अल्कॉटच्या मूळ पुस्तकाचा पहिला भाग १८६८ च्या सप्टेंबरअखेर निघाला आणि लगेच मुलींची पत्रं सुरू झाली: कुणाचं लग्न कुणाशी होणार? ज्यो आणि लॉरीचं करा ना! १ नोव्हेंबरला तिनं दुसरा भाग हाती घेतला, रोज एक प्रकरण या वेगानं. पण कुणाला खूष करण्यासाठी ज्योचं लॉरीशी लग्न लावणार नाही, असं तिनं त्याच दिवसांत डायरीत नोंदवून ठेवलं. बाईच्या आयुष्याला लग्नाखेरीज दुसरं काही ध्येयच नसल्यासारखं या मुली विचारतात, हे तिला लागलं होतं. ज्योला मिळाले ते पोक्त, गरीब प्रोफेसर भाएर. एप्रिल १८६९ मध्ये पुस्तक आलं आणि वाचकांनी हट्ट मोडला म्हणून ते टाकून दिलं नाही.

इथवर सगळं छान वाटतं. पण पुढचं मी तुला मुद्दाम सांगतोय. ‘वर्क’ ही मोठ्यांसाठीची कादंबरी लिहिताना ती एकदम तीन प्रती निघाव्यात म्हणून छापकागदावर टाक दाबून लिहायची. उजव्या हाताचा अंगठा कायमचा निकामी झाला. मग ती डाव्या हातानं लिहायला शिकली. घर तिच्याच लेखणीवर चालत होतं आणि बाजाराला हवी होती मुलींची गोष्ट. १८७७ मध्ये तिनं ‘अ मॉडर्न मेफिस्टोफिलीस’ ही काळोखी कादंबरी लिहिली ती निनावी. लेखक कोण याचे लोकांनी भलतेच अंदाज बांधले आणि तिनं डायरीत लिहिलं की हे लिहिताना मजा आली. स्वतःचं नवं लेखन स्वतःच्या नावावर मिरवता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. ‘चौघीजणी’च्या मालिकेतलं शेवटचं ‘ज्योज बॉईज’ १८८६ चं. ते आजारपणात, थांबत थांबत बरीच वर्षं रखडलं. त्यात नामवंत लेखिका झालेल्या ज्योची चाहत्यांना चुकवताना उडणारी धांदल आहे. शेवटी तर प्लमफील्डची सगळी शाळा भूकंपात गडप करून टाकण्याचा मोह होतो, असं लेखिका उघड सांगते. दोन वर्षांत अल्कॉट गेली.

आपल्याकडचं बघ. ‘कोसला’ १९६३ ची. पांडुरंग सांगवीकरचं पुढे काय झालं, हे कुणाला जाणून घ्यावंसं वाटलं नसेल? भालचंद्र नेमाड्यांनी बारा वर्षांनी ‘बिढार’ दिली, तिच्यात चांगदेव पाटील हा नवा माणूस. त्याच्यासाठी मात्र चार कादंबऱ्या लिहिल्या. म्हणजे त्यांना लांब पल्ल्याचं वावडं नव्हतं, फक्त तो कुणाबरोबर चालायचा हे त्यांनी ठरवलं. उलट बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड यांना वर्षानुवर्षं वाचकांपुढे आणलं, हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. तोही मान्य मार्ग आहे. पण तुझा पिंड तो नाही, तू एका प्रसंगावर महिना घालवतेस.

आता तुझी पत्रं. मी त्यांचे दोन गठ्ठे केले. ९ जणांना बाई माहेरी परतल्या का, एवढंच हवंय. त्याचं उत्तर तुझ्या शेवटच्या पानावर आहे. डबल बेल दिल्यावर त्या मागे वळून बघत नाहीत. उरलेल्या १४ पत्रांत बाईंचं नाव येतं आणि पत्र भलतीकडेच जातं. मुक्कामी गाडीवर रात्र काढायची खोली, तिची न लागणारी कडी, पहाटेचं थंड पाणी, शेजारच्या खाटेवर रडणारी नवी पोरगी. एकीनं तर स्वतःच्या सहा वर्षांच्या नोकरीबद्दल चार पानं लिहिली आहेत. या बायकांना बाईंचं पुढचं आयुष्य नको आहे, ती खोली हवी आहे. तिथे तू एकाच प्रकरणापुरती गेली होतीस. ते पुस्तक कधीतरी होईल आणि त्यात बाई कदाचित दारातून नुसत्या डोकावतील. पण त्यासाठी तुला डेपोत जाऊन बसावं लागेल, टेबलाशी बसून ते जमणार नाही.

मिठागर मात्र तुझ्याजवळ आत्ता आहे. भरतीचं पाणी खाजणात घेतल्यावर ती म्हातारी बांधावर उभी राहून पायांच्या भेगांत तेल भरते, तिथे तू थांबली आहेस. एवढं चांगलं पान तू ‘कंडक्टर’मध्येही लिहिलेलं नाहीस.

१४ जणींना कार्डं टाक. पत्र मिळालं, खोलीबद्दल आणखी लिहा, एवढंच. दुसऱ्या भागाचं वचन देऊ नकोस. पुढच्या शनिवारी मी येतोय. पत्रांचे दोन्ही गठ्ठे इथे माझ्या कपाटात आहेत, ते आणणार नाही. कार्डांसाठी पत्ते तेवढे मागच्या पानावर उतरवून दिले आहेत. ७३ वं पान वाचायला काढून ठेव.

तुझा,
मामा